नव्या पाळकांची घडण: सेमिनरीच्या आधी आणि नंतर

ख्रिस्ती मंडळीला पाळक कोठून मिळतो, असे विचारले तर बहुतेक लोक ‘सेमिनरीतून’ असे उत्तर देतात, आणि ते उत्तर अर्धेच बरोबर आहे. सेमिनरी ही धर्मसेवेचे शिक्षण देणारी निवासी संस्था असते. पवित्र शास्त्र, मंडळीचा इतिहास, उपदेशाची रीत, उपासनेचे विधी हे सारे तेथे शिकवले जाते. परंतु तिच्या दारात येणारा तरुण त्याआधी वीस-बावीस वर्षे एखाद्या घरात आणि एखाद्या मंडळीत वाढलेला असतो, आणि शिक्षण संपल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याला मंडळीतच काढायची असतात. पाळकांची पुढची पिढी कमी पडते आहे, किंवा आहे ती कच्ची आहे, अशी तक्रार जेव्हा कानावर येते तेव्हा दोष बहुधा सेमिनरीला दिला जातो. माझ्या मते या प्रश्नाचा मोठा भाग सेमिनरीच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत आहे, आणि ती वर्षे मंडळीच्या हाती असतात.

नव्या करारात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तीमथ्याचे आहे. पौल लुस्त्र येथे आला तेव्हा तीमथ्य तेथे शिष्य म्हणून आधीच होता, आणि लुस्त्र व इकुन्या येथील बंधू त्याच्याविषयी चांगले बोलत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात म्हटले आहे. त्याचा विश्वास प्रथम आजी लोईस हिच्यात आणि आई युनीके हिच्यात होता, याची आठवण पौल पुढे पत्रातून त्याला करून देतो. म्हणजे घराने विश्वास दिला, स्थानिक मंडळीने त्याची पारख केली, अनुभवी सेवकाने त्याला प्रवासात सोबत घेऊन काम शिकवले, आणि वडीलमंडळाने हात ठेवून त्याला सेवेसाठी वेगळे केले. त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात चार पिढ्यांची साखळी सांगितली आहे: आपण जे तीमथ्याला शिकवले ते त्याने विश्वासू माणसांच्या स्वाधीन करावे आणि त्यांनी ते आणखी इतरांना शिकवावे. नवशिक्या माणसाला अध्यक्ष नेमू नये, असा इशाराही पहिल्या पत्रात आहे. या सगळ्यात शाळेचा उल्लेख नाही, पण शिक्षण मात्र भरपूर आहे.

मग सेमिनरी आली कोठून? पहिली अनेक शतके धर्मगुरू कधी बिशपच्या घरी, कधी मठात, कधी एखाद्या कथीड्रलच्या शाळेत शिकत, आणि पुष्कळजण नीट शिकतही नसत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या वादळात ही उणीव उघडी पडली. मार्टिन ल्यूथरच्या बाजूच्या मंडळ्यांनी विद्यापीठात शिकलेल्या उपदेशकावर भर दिला, तर कॅथलिक बाजूने ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी प्रत्येक धर्मप्रांताने, म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालच्या प्रदेशाने, आपली सेमिनरी चालवावी असा आदेश काढला. किमान बारा वर्षांची मुले घ्यावीत, त्यांत गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, असे त्यात नमूद होते. आज आपण ज्याला सेमिनरी म्हणतो तिचा साचा तेथे ठरला.

गोव्यात मात्र याची सुरुवात त्याही आधी झाली होती. १५४१मध्ये जुन्या गोव्यात स्थानिक आणि आशिया-आफ्रिकेतील इतर तरुणांना शिकवण्यासाठी सांता फे नावाची संस्था उभी राहिली. ती पुढे जेझुइट या कॅथलिक संन्यासी संघाकडे जाऊन सेंट पॉल महाविद्यालय म्हणून ओळखली गेली, आणि भारतातील पहिला छापखाना १५५६मध्ये तेथेच आला. सासष्टीतील राशोलची सेमिनरी सतराव्या शतकाच्या आरंभापासून उभी आहे, आणि आजही गोव्याचे धर्मगुरू तेथे घडतात. मराठी वाचकाला राशोल परके वाटू नये, कारण फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतील ख्रिस्तपुराण १६१६मध्ये राशोललाच छापले गेले. इंग्लंडहून आलेला हा धर्मगुरू सासष्टीच्या लोकांना त्यांच्या ओळखीच्या ओवीतून ख्रिस्ताची कथा सांगत होता. धर्मशिक्षण आणि लोकभाषा यांची अशी गाठ त्या काळात पडू शकली, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी ध्यानात ठेवावी.

तथापि गोव्याच्या या इतिहासाला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. स्थानिक तरुणांना शिकवले जाई, परंतु अधिकार देताना हात आखडता घेतला जाई. दिवाडी बेटावर जन्मलेल्या माथेउस द कास्त्रो यांना गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा नाकारण्यात आली, म्हणून ते रोमला गेले, तेथे शिकले, दीक्षित झाले, आणि १६३७मध्ये बिशपही झाले. लॅटिन विधीचे, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचे, ते पहिले भारतीय बिशप. नंतरच्या पिढीतील जोसेफ वाझ यांना १६७६मध्ये दीक्षा मिळाली, परंतु संन्यासी संघांची दारे गोवेकरांना बंदच होती, त्यामुळे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी जुन्या गोव्यात ओरेटरी या रीतीचा, म्हणजे व्रते न घेता एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंचा, आपला स्वतःचा संघ उभारला. १६८७मध्ये ते डच अमलाखालच्या श्रीलंकेत वेष पालटून शिरले, लपतछपत तेथील कॅथलिकांची सेवा करत राहिले, आणि १७११मध्ये कँडी येथे त्यांचा अंत झाला. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. पुढची पिढी घडवणे याचा अर्थ तिला शिकवणे एवढाच होत नाही, तिच्या हाती जबाबदारी सोपवणे हाही होतो, हे या दोन आयुष्यांवरून जितके स्वच्छ कळते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

या दिशेने रोमने भारतासाठी मोठे पाऊल उचलले ते १८९३मध्ये. पोप लिओ तेरावे यांनी भारतासाठी स्थानिक धर्मगुरू घडवण्याचे आवाहन करून कँडी येथे पेपल सेमिनरी स्थापन केली. ‘हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील’ अशा आशयाचे लॅटिन वचन तिचे ब्रीद झाले. १९५५मध्ये ही सेमिनरी पुण्यात नगर रस्त्यावर आली. तिच्याशी जोडलेली ज्ञानदीप विद्यापीठ ही तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकवणारी संस्था आज देशभरातील धर्मप्रांतांचे व संन्यासी संघांचे विद्यार्थी घेते.

कॅथलिक धर्मगुरू व्हायला इतकी वर्षे का लागतात, असे अनेकजण विचारतात. चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र मिळून किमान सहा वर्षे पूर्ण करावी लागतात, आणि पंचविसाव्या वर्षाआधी धर्मगुरुपदाची दीक्षा देता येत नाही. त्याआधी प्रार्थनाजीवनाची, भाषांची आणि एकत्र राहण्याची सवय लावणारे पूर्वतयारीचे वर्ष असते. मध्ये एखाद्या शाळेत, वसतिगृहात किंवा धर्मग्रामात प्रत्यक्ष कामाचा काळ असतो. शेवटी डीकन म्हणून, म्हणजे धर्मगुरुपदाच्या आधीच्या पायरीवर, किमान सहा महिने सेवा असते. भारतात बहुतेक ठिकाणी यांत महाविद्यालयीन पदवीचीही भर पडते, त्यामुळे दहा-अकरा वर्षे सहज जातात. या संपूर्ण काळाकडे चार बाजूंनी पाहावे असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२मध्ये सांगितले: माणूस म्हणून घडण, आध्यात्मिक घडण, बौद्धिक घडण आणि सेवाकार्याची घडण. त्यांतली पहिली बाजू पाया मानली आहे, आणि ते योग्यच आहे. ज्याला आपला राग आवरता येत नाही, एकटेपण पेलता येत नाही, पैशाचा हिशेब चोख ठेवता येत नाही किंवा स्त्रियांशी व मुलांशी आदराने आणि मर्यादेने वागता येत नाही, त्याला धर्मशास्त्रात पहिला वर्ग मिळाला तरी तो कळपाला घातक ठरू शकतो. गेल्या काही दशकांत जगभर उघडकीस आलेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांनंतर उमेदवाराची मानसिक चाचणी, पूर्वचौकशी आणि मुलांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण यांवर भर आला आहे. तो आधीच यायला हवा होता.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाट थोडी वेगळी आहे. ब्रह्मचर्याची अट नाही, बहुतेक पाळक विवाहित असतात, आणि मंडळीच्या सभासदांचा निवडीत थेट वाटा असतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उभी राहिली, आणि महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर व मराठवाडा हे धर्मप्रांत तिच्यात मोडतात. अशा मंडळीत साधारण क्रम असा असतो: तरुण किंवा तरुणी आपल्याला देवाचे पाचारण आहे असे पाळकाला सांगते, स्थानिक कमिटी शिफारस करते, धर्मप्रांताचे मंडळ मुलाखत घेते, मग उमेदवाराला सेमिनरीत पाठवले जाते, परत आल्यावर काही काळ अनुभवी पाळकाच्या हाताखाली काम, मग डीकनपद, आणि शेवटी प्रेझबिटर म्हणजे पूर्ण पाळक म्हणून दीक्षा. देशभरातील बहुतेक मुख्य प्रवाहातल्या सेमिनऱ्यांच्या पदव्या सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटकडून, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाकडून, मिळतात. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे महाविद्यालय काढले आणि १८२७मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. मराठीचे छापील व्याकरण १८०५मध्ये याच केरींनी तयार केले होते. पुण्यातील बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी मूळची यवतमाळची. १९८३मध्ये ती पुण्यात आली.

बॅचलर ऑफ डिव्हिनिटी या पदवीच्या अभ्यासक्रमात जुना करार व नवा करार, ग्रीक किंवा हिब्रू भाषेची ओळख, ख्रिस्ती सिद्धान्त, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, भारतातील इतर धर्म, समाजाचा अभ्यास, उपदेशशास्त्र आणि समुपदेशन हे विषय असतात. हिब्रू आणि ग्रीकचा उपयोग काय, असे खेड्यातील मंडळीला वाटू शकते. उपयोग असा की, एखादे वचन हाताशी धरून कोणी भलताच अर्थ लोकांच्या गळी उतरवू लागला तर, मूळ लिखाण काय म्हणते हे तपासण्याची ताकद पाळकाकडे असावी. आजारपणात औषध सोडा, इतकी देणगी द्या म्हणजे कर्ज फिटेल, अशी शिकवण देणाऱ्यांपासून भोळ्या माणसांना वाचवायचे असेल तर पाळकाचे शास्त्रज्ञान पक्के लागते.

आता मी ज्या प्रश्नाला सर्वांत महत्त्वाचा मानतो त्याकडे येतो, तो भाषेचा. उच्च धर्मशिक्षण आज बहुतांशी इंग्रजीत होते. ग्रंथ इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत. आणि दीक्षेनंतरचा पहिला उपदेश मात्र श्रीरामपूरच्या, जालन्याच्या किंवा वसईच्या माणसांसमोर मराठीत. हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे मिशनचे ठाणे झाले. तेथे १८५४मध्ये हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास, १८५४-५५मध्ये, बोस्टनहून मिशनच्या मूळ संस्थेचे, अमेरिकन बोर्डाचे, चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी, हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र होते. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, गावागावांतल्या छोट्या मंडळ्यांना त्यांच्यातलेच, त्यांच्याच भाषेत शिकलेले, त्यांना परवडतील असे पाळक द्यावेत आणि मिशनने इंग्रजी शिक्षणावरचा भर काढून घ्यावा.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली. मुंबईत जॉन विल्सन व इतर स्कॉटिश मिशनरी इंग्रजी उच्च शिक्षणावर भर देत होते. त्यांच्या शाळेतून नारायण शेषाद्री यांच्यासारखे पाळक निघाले, ज्यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. अँडरसन यांच्या धोरणात सत्य होते आणि धोकाही होता. सत्य हे की, लोकांच्या भाषेत विचार न करणारा पाळक लोकांपर्यंत पोचत नाही. धोका हा की, ज्याला इंग्रजी दिली नाही त्याला मिशनच्या कारभारात, पत्रव्यवहारात आणि निर्णयात बरोबरीची जागा मिळाली नाही. अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले होते; ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षर नाकारले गेले त्यांना कमी शिक्षणावर थांबवणे हा न्याय नव्हता. म्हणून आज केवळ मराठीत शिकवा किंवा केवळ इंग्रजीत शिकवा, अशा दोन टोकांतून निवड करणे मला मान्य नाही. विद्यार्थ्याने इंग्रजीत वाचावे, पण प्रत्येक सत्रात मराठीतून लिहावे, मराठीतून वाद घालावा, मराठीतून उपदेश करावा आणि त्याचे परीक्षणही मराठी जाणणाऱ्यांनी करावे.

ही जोडणी किती फलदायी होऊ शकते हे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी दाखवून दिले. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते अहमदनगरला आले, तेथील सेमिनरीत शिकवू लागले, आणि १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते स्वतः सेमिनरीच्या साच्यातून आलेले नव्हते. संस्कृत, मराठी कविता आणि वारकरी संतांची परंपरा यांवर त्यांचा पिंड पोसला होता, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांनी लिहिलेली भजने आणि अभंग आज शंभर वर्षांनंतरही मराठी प्रोटेस्टंट उपासनेत गायली जातात. अशा शिक्षकाच्या हाताखाली शिकलेल्या पाळकाला भजन कसे चालवावे, कीर्तनात कथा कशी रंगवावी, हे वेगळे शिकवावे लागत नसणार. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा खुला बंधुसंघ सुरू केला. ते दोन वर्षांनी वारले आणि तो प्रयोग वाढू शकला नाही, ही मराठी मंडळीची मोठी हानी आहे.

भाषेला लागूनच ठिकाणाचा प्रश्न येतो. खेड्यातला मुलगा तीन-चार वर्षे शहरात राहिला की त्याची पत्नी, त्याची मुले आणि त्याच्या अपेक्षा शहराशी जोडल्या जातात, आणि त्यात त्याचा दोष नाही. ग्वाटेमालातील प्रेसबिटेरियन सेमिनरीने १९६०च्या सुमारास हीच अडचण पाहिली: शिकलेले तरुण गावी परतत नव्हते, आणि गावातील मंडळ्या खरे म्हणजे ज्यांच्या आधारावर उभ्या होत्या ते शेतकरी व दुकानदार वडीलजन घर सोडून सेमिनरीत येऊ शकत नव्हते. म्हणून १९६३मध्ये सेमिनरीच लोकांकडे नेण्याचा प्रयोग सुरू झाला. विद्यार्थी घरी राहून नेमलेला अभ्यास करतो, आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर शिक्षकासह चर्चेला बसतो, आणि शिकलेले लगेच आपल्या मंडळीत वापरतो. भारतात याच पद्धतीसाठी १९७१मध्ये टाफ्टी ही संस्था बंगळुरूला सुरू झाली. निवासी सेमिनरीला ती पर्याय होऊ शकत नाही, कारण एकत्र राहण्यातून, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतून आणि ग्रंथालयातून जे मिळते ते घरी मिळत नाही. परंतु चाळिशीतला, नोकरी करणारा, मंडळीने पारखलेला माणूस सेवेसाठी तयार करायचा असेल तर याहून चांगला मार्ग नाही.

स्त्रियांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मिशनच्या काळापासून मराठी मुलखात बायबल-स्त्रिया घरोघर जाऊन शास्त्र शिकवत, आजाऱ्यांजवळ बसत, बाळंतिणींसाठी प्रार्थना करत. म्हणजे पाळकपणाचे बरेचसे काम त्या करतच होत्या, दीक्षा तेवढी नव्हती. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरुपद पुरुषांपुरते आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि चर्च ऑफ साउथ इंडिया या मंडळ्या मात्र स्त्रियांना दीक्षा देतात, आणि २०१३मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नंद्याल धर्मप्रांतात पुष्पा ललिता या बिशप झाल्या. नियम मोकळा असूनही स्थानिक कमिटी मुलीच्या शिफारशीवर सही करताना अडखळते. जेथे अर्धी मंडळी उमेदवारीच्या विचारातूनच वगळली जाते, तेथे पाळक कमी पडतात ही तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

मग स्थानिक मंडळीने करायचे काय? सुरुवात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपासून करावी. शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, धाकट्यांना शिकवायला देणे, उपासनेत शास्त्रपाठ वाचायला लावणे, पाळकाबरोबर रुग्णालयात आणि शोकाच्या घरी नेणे, तरुण संघाचा हिशेब सोपवणे, यांतून पाचारण आहे की उत्साह आहे हे दोन-तीन वर्षांत दिसू लागते. नोकरी मिळत नाही म्हणून, किंवा वडील पाळक होते म्हणून सेमिनरीकडे वळणाऱ्याला प्रेमाने थांबवण्याचे धैर्यही वडीलजनांनी दाखवले पाहिजे, कारण त्या वेळी चुकीची शिफारस केली तर त्याचे परिणाम दुसऱ्याच एखाद्या मंडळीला वर्षानुवर्षे भोगावे लागतात. विद्यार्थी सेमिनरीत असताना त्याचा खर्च पूर्णपणे धर्मप्रांतावर किंवा परदेशी मदतीवर न टाकता मंडळीने त्यातला काही भाग, मग तो कितीही लहान असो, दर महिन्याला उचलावा. त्यामुळे विद्यार्थ्याला आपण कोणाचे आहोत हे कळते आणि मंडळीलाही त्याची विचारपूस करण्याची सवय लागते.

दीक्षेनंतरची पहिली पाच वर्षे सर्वांत नाजूक असतात, आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नवा पाळक एकाच महिन्यात लग्न लावतो, मूठमाती देतो, मालमत्तेच्या भांडणात अडकतो, कमिटीतल्या दोन गटांच्या मध्ये सापडतो, आणि वेतन उशिरा आल्यामुळे घरातही ओढाताण असते. या काळात त्याला दर महिन्याला भेटणारा एक ज्येष्ठ पाळक नेमून द्यावा, जो त्याचा वरिष्ठ अधिकारी नसेल, म्हणजे तो मोकळेपणाने बोलू शकेल. वेतन ठरल्या तारखेला मिळावे, आठवड्यातला एक दिवस त्याच्या कुटुंबाचा राहावा, वर्षातून दोन आठवडे अभ्यासासाठी रजा असावी, आणि मराठीतील धर्मशास्त्रीय ग्रंथ घेण्यासाठी मंडळीच्या अंदाजपत्रकात वेगळी रक्कम असावी. यांतल्या काही गोष्टी तरी बिशपच्या परवानगीची वाट पाहत नाहीत; पुढच्या वार्षिक सभेत ठराव मांडून त्या करता येतात.